नायट्रोजन ऑक्साइडांचे पृष्ठशोषण

नायट्रिक ऑक्साइड व नायट्रोजन डाय-ऑक्साइड या वायूंचे रेणू धातूंच्या ऑक्साइडांच्या पृष्ठावर धरले जाण्याच्या क्रियेस त्यांचे पृष्ठशोषण (अधिशोषण) म्हणतात. शोषणात एक पदार्थ दुसऱ्याच्या अंतर्भागात शिरतो (उदा., पाण्यात अमोनिया विरघळतो तेव्हा); पृष्ठशोषणात तो केवळ पृष्ठावर साचतो. रेणू दुर्बल आकर्षणाने पृष्ठावर टेकून राहिले, तर ते भौतिक पृष्ठशोषण होय. रेणू आणि पृष्ठावरील अणू यांच्यात रासायनिक बंध निर्माण झाला, तर त्यास रासायनिक पृष्ठशोषण म्हणतात. उत्प्रेरकाचे (स्वतः कायमचा न बदलता रासायनिक विक्रियेचा वेग वाढविणाऱ्या पदार्थाचे) कार्य मुख्यतः या दुसऱ्या प्रकारावर अवलंबून असते. नायट्रोजन ऑक्साइडांच्या बाबतीत या क्रियेला विशेष महत्त्व आहे. कारण एंजिने व बाष्पित्रे यांतून बाहेर पडणाऱ्या या वायूंचे निरुपद्रवी नायट्रोजनात रूपांतर करण्याचे बहुतेक सर्व व्यावहारिक मार्ग घन पृष्ठावरूनच जातात.

उच्च तापमानाच्या ज्वलनात हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रिक ऑक्साइड बनतो. या विक्रियेची यंत्रणा रशियन शास्त्रज्ञ या. ब. झेल्डोव्हिच यांनी १९४६ मध्ये विशद केली. या वायूचे दोन्ही घटक हवेतच असल्याने इंधन कितीही शुद्ध असले, तरी ज्वाला पुरेशी तप्त असल्यास तो तयार होतोच. बाहेर पडल्यावर त्याचे तपकिरी रंगाच्या नायट्रोजन डाय-ऑक्साइडात रूपांतर होते. हा वायू श्वसनमार्गाचा दाह करतो. सूर्यप्रकाशात हायड्रोकार्बनांच्या सान्निध्यात त्यापासून ओझोन निर्माण होण्यास चालना मिळते व आर्द्र हवेत त्याचे नायट्रिक अम्ल बनते. भारतात २००९ मध्ये ठरविलेल्या मानकांनुसार निवासी व औद्योगिक क्षेत्रांतील हवेत त्याचे प्रमाण वार्षिक सरासरीने दर घन मीटरला ४० मायक्रोग्रॅम व २४ तासांच्या सरासरीने ८० मायक्रोग्रॅम यांपेक्षा अधिक असू नये.

महाराष्ट्रात या विषयाचा व्यवहाराशी निकटचा संबंध पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात येतो. इंद्रायणीकाठचे देहू हे संत तुकारामांचे गाव या पट्ट्याच्या मधोमध आहे. त्याच्या एका बाजूस पुणे-मुंबई रस्त्यावरील देहू रोड, निगडी आणि तुकारामांच्या पालखीचा मुक्काम जेथे पडतो ते आकुर्डी, तर दुसऱ्या बाजूस पुणे-नासिक रस्त्यावरील चाकण आहे. येथे मोटारगाड्या, मालमोटारी व दुचाकी वाहने तयार होतात आणि तशीच वाहने येथील रस्त्यांवर अहोरात्र धावतात. त्यामुळे पृष्ठरसायनशास्त्रातील एक सूक्ष्म प्रश्न येथे कारखान्यांच्या उत्पादनाशी व रहिवाशांच्या श्वासाशी एकाच वेळी निगडित झाला आहे. हा प्रश्न प्रयोगशाळेत कसा उभा राहिला, त्याची उकल कशी होत गेली आणि ती या पट्ट्यापर्यंत पोहोचण्यास इतका काळ का लागला, याचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

प्रारंभीचा इतिहास : इंग्लंडमध्ये जोझेफ प्रीस्टली यांनी १७७२ च्या सुमारास नायट्रिक ऑक्साइडाचा पद्धतशीर अभ्यास केला. हवेशी मिसळताच या रंगहीन वायूचा रंग तपकिरी होतो व आकारमान घटते, हे पाहून त्यांनी हवेची शुद्धता मोजण्याची एक कसोटीच त्यावर बसविली. त्याच दशकात सी. व्ही. शेले (१७७३) व फेलीचे फाँटाना (१७७७) यांना कोळसा वायू धरून ठेवतो असे आढळून आले. हायड्रोजन व ऑक्सिजन हे प्लॅटिनमाच्या स्वच्छ पृष्ठावर साचल्याने त्यांचा संयोग घडून येतो, अशी उपपत्ती मायकेल फॅराडे यांनी १८३४ मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी जे. जे. बर्झीलियस यांनी अशा क्रियांना उत्प्रेरण ही संज्ञा दिली. फ्रेदेरिक क्यूलमान यांनी १८३८ मध्ये तप्त प्लॅटिनमावर अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून नायट्रोजनाची ऑक्साइडे मिळविली. हीच विक्रिया व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नायट्रिक अम्लाच्या निर्मितीसाठी उद्योगात आणली. महाराष्ट्रात तुर्भे व तळोजा येथील खत-कारखान्यांत नायट्रिक अम्ल याच तत्त्वावर बनविले जाते. उत्प्रेरकाचा नायट्रोजन ऑक्साइडांशी जडलेला पहिला मोठा संबंध अशा रीतीने ती तयार करण्याचा होता. ती नाहीशी करण्याचा प्रश्न पुढे सु. अर्धशतकाने आला.

पृष्ठशोषणास अधिशोषण या अर्थाची स्वतंत्र पाश्चात्त्य संज्ञा हाइन्रिख कायझर यांनी १८८१ मध्ये रूढ केली. या क्रियेला गणिती पाया दिला तो अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी (१९१६–१८). घन पृष्ठावर रेणूंना बसण्यासाठी ठराविक संख्येच्या जागा असतात व एका जागी एकच रेणू बसू शकतो, असे त्यांनी गृहीत धरले. या साध्या गृहीतातून एक दूरगामी निष्कर्ष निघतो. पृष्ठालगत दोन वायू असतील, तर ते त्याच जागांसाठी स्पर्धा करतात व जो अधिक घट्ट बसतो तो दुसऱ्यास हुसकावतो. सगळ्या जागा सारख्या नसून विक्रिया काही थोड्या सक्रिय केंद्रांवरच घडते, ही कल्पना ह्यू टेलर यांनी १९२५ मध्ये पुढे आणली. स्टीव्हन ब्रूनॉअर, पॉल एमेट व एडवर्ड टेलर यांनी १९३८ मध्ये चूर्णरूप घन पदार्थाचे पृष्ठफळ मोजण्याची पद्धत दिली. तिच्यामुळे एक ग्रॅम सच्छिद्र ॲल्युमिनाचे पृष्ठफळ १०० ते २०० चौ. मी. पर्यंत असू शकते हे प्रत्यक्ष मोजता आले. जागा मर्यादित असतात व त्यांच्यासाठी स्पर्धा चालते, हे सूत्र नायट्रोजन ऑक्साइडांच्या पुढील सर्व इतिहासात पुनःपुन्हा प्रत्ययास येते.

रेणू व पृष्ठ यांचा संबंध : नायट्रिक ऑक्साइडाच्या रेणूत ११ संयुजा इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी एक एकटा असून तो बंध दुर्बल करणाऱ्या कक्षेत असतो. रेणू हा इलेक्ट्रॉन सोडून देऊ शकतो, तसेच एखादा नवीन इलेक्ट्रॉन स्वीकारूही शकतो. त्यामुळे लोह, कोबाल्ट, क्रोमियम, तांबे इ. संक्रमणी धातूंच्या आयनांशी तो आपल्या नायट्रोजनाच्या टोकाने जोडला जातो. काही आयनांवर असे दोन रेणू शेजारी शेजारी बसतात.

ऑक्साइडाच्या पृष्ठावर धातूच्या आयनांखेरीज ऑक्सिजनाचेही आयन असतात. नायट्रिक ऑक्साइड अशा ऑक्सिजनाशी संयोग पावून नायट्राइट बनवितो. नायट्रोजन डाय-ऑक्साइडापासून मुख्यतः नायट्रेट बनते. या दोन प्रकारच्या जागांतील भेद महत्त्वाचा आहे. धातूच्या आयनावर बसलेला रेणू तापमान वाढताच सामान्यतः सहज सुटतो, तर बेरियमासारख्या क्षारकीय धातूच्या ऑक्साइडावरील नायट्रेट बऱ्याच उच्च तापमानापर्यंत टिकून राहते. म्हणजे नायट्रिक ऑक्साइड स्वतः पृष्ठाला फारसा घट्ट चिकटत नाही. आधी त्याचे ऑक्सिडीकरण झाले, तरच तो भक्कमपणे बांधला जातो.

पृष्ठावर नेमके काय तयार झाले आहे, हे कळण्याचे साधन अवरक्त वर्णपटविज्ञानाने (दृश्य वर्णपटातील तांबड्या टोकापलीकडील अदृश्य प्रारणाच्या शोषणावरून रेणूंची रचना ठरविण्याच्या शास्त्राने) पुरविले. मोकळ्या नायट्रिक ऑक्साइडाचा बंध दर सेंमी. ला सु. १,८७६ तरंग या कंप्रतेने कंप पावतो. रेणू धातूला इलेक्ट्रॉन देतो, तेव्हा ही संख्या वाढते व इलेक्ट्रॉन घेतो, तेव्हा घटते. नायट्रेटांच्या शोषणरेषा मात्र सु. १,२०० ते १,६५० या वेगळ्याच पट्ट्यात दिसतात. अ. न. तेरेनिन व ल. म. रोएव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये संक्रमणी धातू, त्यांची लवणे व ऑक्साइडे यांवरील नायट्रिक ऑक्साइडाचे असे वर्णपट प्रसिद्ध केले. त्यापूर्वी केवळ वायूचा दाब किती घटला यावरून अनुमान करावे लागे. आता पृष्ठावरील रेणूची अवस्था प्रत्यक्ष ओळखता येऊ लागली.

सरळ अपघटनाचा शोध : ऊष्मागतिकीच्या (उष्णता व इतर ऊर्जा यांच्या संबंधांविषयीच्या शास्त्राच्या) दृष्टीने नायट्रिक ऑक्साइड हा अस्थिर पदार्थ आहे. त्याचे नायट्रोजन व ऑक्सिजन यांत अपघटन झाल्यास दर मोलास सु. ९० किलोजूल ऊर्जा बाहेर पडते. असे असूनही तो सामान्य तापमानास आपोआप विघटित होत नाही. कारण त्याचा बंध बळकट असून तो तुटण्यासाठी मोठा ऊर्जा-अडथळा पार करावा लागतो. योग्य उत्प्रेरकाने हा अडथळा उतरविला, तर दुसऱ्या कोणत्याही पदार्थाची मदत न घेता हा वायू नाहीसा करता येईल, अशी आशा अनेक संशोधकांना होती.

ई. आर. एस. विंटर यांनी १९७१ मध्ये सु. ४० धातूंच्या ऑक्साइडांवरील या अपघटनाचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून असे दिसले की, अडचण रेणू तुटण्यात तितकीशी नसून तुटल्यानंतर पृष्ठावर मागे राहणाऱ्या ऑक्सिजनात आहे. नायट्रोजन उडून जातो. ऑक्सिजन मात्र सक्रिय केंद्रे अडवून बसतो व पुढील रेणूंना जागा मिळत नाही. त्याच सुमारास अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत एम. शेलेफ व के. ओटो यांनी लोह, क्रोमियम इत्यादींच्या ऑक्साइडांवरील नायट्रिक ऑक्साइडाच्या पृष्ठशोषणाची मोजमापे केली. १९८६ मध्ये जपानच्या मासाकाझू इवामोटो यांनी तांब्याचे आयन घातलेल्या एका झिओलाइटावर (सूक्ष्म रंध्रांच्या स्फटिकी ॲल्युमिनोसिलिकेटावर) हे अपघटन लक्षणीय वेगाने घडवून आणले, तेव्हा मोठी उत्सुकता निर्माण झाली. तथापि निष्कास वायूंतील ऑक्सिजन, पाण्याची वाफ व सल्फर डाय-ऑक्साइड यांच्यापुढे त्याचाही निभाव लागला नाही. त्यामुळे नायट्रिक ऑक्साइडातील ऑक्सिजन काढून घेणारा एखादा सहकारी पदार्थ पुरविणे व्यवहारात अपरिहार्य ठरले.

त्रिमार्गी उत्प्रेरक : लॉस अँजेल्स शहरावर पसरणाऱ्या धुरक्याच्या (धूर व धुके यांच्या मिश्रणाच्या) मुळाशी मोटारींतील हायड्रोकार्बने व नायट्रोजन ऑक्साइडे यांची सूर्यप्रकाशातील विक्रिया आहे, हे ए. जे. हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. अमेरिकेतील १९७० च्या कायद्यानंतर पेट्रोल मोटारींना उत्प्रेरकी परिवर्तक बसविले जाऊ लागले. प्रारंभीचे परिवर्तक केवळ ऑक्सिडीकरण करीत. निष्कासातील कार्बन मोनॉक्साइड हाच नायट्रिक ऑक्साइडासाठी सहकारी पदार्थ म्हणून वापरणारा त्रिमार्गी उत्प्रेरक १९७०–८० या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आला. त्यात ॲल्युमिनाच्या थरावर प्लॅटिनम व ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण असतात. नायट्रिक ऑक्साइड ऱ्होडियमावर तुटतो व मागे राहिलेला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड उचलून नेतो. विंटर यांना दिसलेली जागेची अडचण अशा रीतीने येथे दूर होते.

यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण सु. १४·७ : १ इतके अचूक राखावे लागते. हे प्रमाण क्षणोक्षणी थोडे बदलते. तो फरक सावरण्यासाठी ऑक्सिजन साठविणारे व सोडणारे सिरियम ऑक्साइड उत्प्रेरकात घालतात. ऑक्सिजन-साठवणीची ही संकल्पना फोर्ड कंपनीत पुढे आली व तिच्या विकासात हरेन गांधी यांचा प्रमुख वाटा होता. रासायनिक अभियांत्रिकीचे त्यांचे पदवी-शिक्षण मुंबई विद्यापीठात झाले होते. मोटारींच्या निष्कासावरील उत्प्रेरकांविषयीच्या कार्याबद्दल त्यांना २००२ सालचे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रविद्या पदक देण्यात आले. महाराष्ट्रात नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने मौल्यवान धातूंचा वापर कमी करण्याच्या हेतूने पेरोव्हस्काइट प्रकारच्या ऑक्साइडांवर संशोधन केले आहे.

अमोनियाने क्षपण : डीझेल एंजिनात हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड नायट्रिक ऑक्साइडाऐवजी मुबलक ऑक्सिजनाशीच संयोग पावतो व त्रिमार्गी उत्प्रेरक निरुपयोगी ठरतो. यावर उपाय म्हणून, ऑक्सिजन असतानाही नायट्रिक ऑक्साइडाचीच निवड करणारा क्षपणकारक हवा होता. अमोनिया असा क्षपणकारक आहे, हे अमेरिकेतील एंगलहार्ड कंपनीच्या १९५७ च्या पेटंटात नमूद झाले. त्यातील प्लॅटिनम मात्र थोड्या जास्त तापमानास अमोनियाचेच ऑक्सिडीकरण करी. जपानमध्ये १९७३ नंतर नायट्रोजन ऑक्साइडांवर कडक मर्यादा आल्या. तेथील संशोधकांनी टिटॅनियम डाय-ऑक्साइडावर व्हॅनेडियम पेंटॉक्साइडाचा विरळ थर देऊन तयार केलेला उत्प्रेरक त्या दशकाच्या अखेरीस औद्योगिक बाष्पित्रांवर यशस्वीपणे वापरात आणला. पुढे त्यात टंगस्टन ऑक्साइडाची भर पडली. आधारासाठी ॲल्युमिना न घेण्याचे कारण उद्‌बोधक आहे. निष्कासातील गंधकाच्या ऑक्साइडांमुळे ॲल्युमिनाचे सल्फेट बनून पृष्ठ बिघडते. टिटॅनियम डाय-ऑक्साइडावर हा परिणाम फारच अल्प होतो.

या उत्प्रेरकावर प्रत्यक्षात काय घडते, याची उकल १९८० मध्ये इनोमाटा, मियामोटो व मुराकामी यांच्या आणि १९९४ मध्ये डेन्मार्कच्या नान-यू टॉपसो व सहकारी यांच्या संशोधनातून झाली. पृष्ठावरील अम्लीय जागांवर प्रथम अमोनिया बसतो. व्हॅनेडियमाला जोडलेला शेजारचा ऑक्सिजन त्याला क्रियाशील करतो. नायट्रिक ऑक्साइड पृष्ठावर जवळजवळ न थांबता वायुरूपातूनच येऊन त्याच्याशी विक्रिया पावतो. नायट्रोजन व पाणी निघून जातात. या क्रियेत क्षपण पावलेले व्हॅनेडियम ऑक्सिजनामुळे पूर्वस्थितीस येते व चक्र पुन्हा सुरू होते. जो वायू नष्ट करावयाचा त्यालाच पृष्ठावर घट्ट धरून ठेवण्याची गरज नाही. त्याच्या जोडीदाराला धरले तरी कार्यभाग साधतो, हा या संशोधनाचा मर्मबोध होय. नायट्रिक ऑक्साइड व नायट्रोजन डाय-ऑक्साइड यांचे प्रमाण समसमान असल्यास ही विक्रिया अधिक शीघ्र होते, असेही आढळून आले.

साठवण व क्षपण : दुसरा मार्ग जपानच्या टोयोटा कंपनीने १९९४ मध्ये व्यवहारात आणला. त्यात ॲल्युमिनावर प्लॅटिनम व बेरियमाचे संयुग असते. हवा जास्त असताना प्लॅटिनमावर नायट्रिक ऑक्साइडाचे नायट्रोजन डाय-ऑक्साइड बनते व ते बेरियमावर नायट्रेटरूपाने साचते. जागा भरत आल्या की, काही क्षण इंधनाचे प्रमाण वाढवितात. त्यामुळे नायट्रेट सुटून त्याचे नायट्रोजनात क्षपण होते. येथे पृष्ठशोषण हेच मुख्य साधन आहे. तथापि याच जागांसाठी सल्फर डाय-ऑक्साइडही स्पर्धा करतो. बेरियम सल्फेट हे नायट्रेटापेक्षा कितीतरी स्थिर असल्याने जागा हळूहळू कायमच्या अडल्या जातात. सल्फेट काढून टाकण्यास ६००° से. पेक्षा अधिक तापमान द्यावे लागते व त्याने उत्प्रेरकाचे आयुष्य घटते. उत्प्रेरकाची उपयुक्तता इंधनातील गंधकावर किती अवलंबून असते, हे यावरून दिसते.

भारतातील वाटचाल : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. टाटा उद्योगसमूहाच्या मोटार कंपनीचा पुणे येथील कारखाना १९६६ मध्ये स्थापन झाला व आकुर्डी परिसरात स्कूटर व मालवाहू गाड्यांचे उत्पादन वाढले. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये व महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली. वाहनांच्या तपासणीसाठी भारतीय मोटारवाहन संशोधन संस्था (आराई) पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झाली होती. वाहनाच्या नमुन्यास मान्यता देण्यापूर्वी त्याच्या निष्कासाची मोजणी करणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी ती एक आहे. चाकण येथेही तिचे केंद्र आहे. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी चाकण परिसरात देशी व परदेशी कंपन्यांचे मोटार-कारखाने मोठ्या संख्येने आले व औद्योगिक पट्टा देहूच्या दोन्ही अंगांना पसरला.

भारतात निष्कासाच्या वस्तुमानावर मर्यादा घालणारे नियम पेट्रोल वाहनांसाठी १९९१ मध्ये व डीझेल वाहनांसाठी १९९२ मध्ये आले. चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरकी परिवर्तक सक्तीचा झाला. शिसे हे उत्प्रेरकाचे विष असल्याने त्यासाठी शिसेरहित पेट्रोल पुरवावे लागले व २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. दुचाकींसाठी मात्र हायड्रोकार्बने व नायट्रोजन ऑक्साइडे यांची बेरीज मिळून एकच मर्यादा दीर्घकाळ होती. द्विधाव एंजिनांतून हायड्रोकार्बने पुष्कळ व नायट्रोजन ऑक्साइडे थोडी बाहेर पडत. चतुर्धाव एंजिनांमुळे हायड्रोकार्बने घटली. परंतु एकत्रित मर्यादेमुळे नायट्रोजन ऑक्साइडांवर वेगळा अंकुश राहिला नाही. २०२० मध्ये त्यांच्यासाठी दर किमी. ला ०·०६ ग्रॅ. अशी मर्यादा लागू झाली.

डीझेलच्या बाबतीत मूळ प्रश्न गंधकाचा होता. १९९६ पूर्वी भारतीय डीझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत, म्हणजे दर दशलक्ष भागांत १०,००० भाग गंधकास परवानगी होती. ती १९९६ मध्ये ५,००० व २००० मध्ये २,५०० भागांवर आली. २०१० मध्ये देशभर ३५० भागांचे डीझेल उपलब्ध झाले, तर पुण्यासह निवडक शहरांत ५० भागांचे. या दुहेरी व्यवस्थेचा परिणाम मालमोटारींवर झाला. पिंपरीत बनलेली मालमोटार केवळ पुण्यात धावत नाही. ती जेथे जाईल तेथील डीझेल तिच्या टाकीत पडते. अधिक गंधकाच्या इंधनावर सूक्ष्मग्राही उत्प्रेरकाच्या जागा अडल्या गेल्या असत्या. म्हणून जड वाहनांना उच्च प्रतीचे उत्प्रेरक सरसकट बसविणे शक्य नव्हते. प्रयोगशाळेत उकल उपलब्ध असूनही ती दीर्घकाळ रस्त्यावर येऊ शकली नाही, याचे हे एक प्रमुख कारण होय. ५० भागांचे इंधन २०१७ मध्ये व १० भागांचे २०२० मध्ये सर्व देशात लागू झाले. भारत स्टेज ५ ही पायरी वगळून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम अंमलात आले. डीझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा दर किमी. ला ०·२५ ग्रॅ. वरून ०·०८ ग्रॅ. वर आली. जड वाहनांसाठी स्थिर चाचणीतील मर्यादा दर किलोवॉट-तासास ३·५ ग्रॅ. वरून ०·४ ग्रॅ. वर आली.

देहू रोडवरून जाणाऱ्या आजच्या नव्या डीझेल मालमोटारीच्या निष्कास नळीत म्हणूनच उत्प्रेरकांची एक मालिका असते. पहिला उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांचे ऑक्सिडीकरण करतो आणि काही नायट्रिक ऑक्साइडाचे नायट्रोजन डाय-ऑक्साइड बनवितो. त्यानंतरच्या गाळणीत काजळी अडते. पुढे ३२·५ टक्के यूरियाचा जलीय विद्राव फवारतात. उष्णतेने त्यापासून अमोनिया मिळतो. तो तांबे वा लोह घातलेल्या झिओलाइटावर किंवा व्हॅनेडियम-टिटॅनियम ऑक्साइडावर बसून नायट्रोजन ऑक्साइडांचे क्षपण करतो. शेवटचा उत्प्रेरक उरलेल्या अमोनियाचा निकाल लावतो. १९५७ चे पेटंट, जपानमधील बाष्पित्रांवरील अनुभव व १९९४ मधील यंत्रणेचे स्पष्टीकरण यांचा संगम या नळीत झालेला दिसतो.

चाचणी व रस्ता : उत्प्रेरक बसविला म्हणजे तो सदैव कार्य करतोच असे नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर नोटीस बजावली. तिच्या डीझेल मोटारींतील संगणकीय आज्ञावली चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरतेच निष्कास-नियंत्रण पूर्णपणे चालवी व रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जाई, असे त्या संस्थेने म्हटले होते. कंपनीने आज्ञावलीचा असा वापर मान्य केला. भारतात आराईने केलेल्या तपासणीनंतर कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये सु. ३·२३ लक्ष वाहने दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. भारतात एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील निष्कासाची मोजणी नियमांत समाविष्ट झाली आहे.

प्रामाणिकपणे चालविलेल्या उत्प्रेरकालाही मर्यादा असतातच. यूरियाचा विद्राव सामान्यतः १८०°–२००° से. च्या खाली फवारता येत नाही. कारण त्या तापमानास त्याचे पुरेसे अपघटन होत नाही व नळीत घन अवशेष साचतात. चाकण, तळवडे व देहू रोड परिसरातील रस्त्यांवर वाहने कोंडीत थांबत थांबत जातात, तेव्हा निष्कास थंड राहतो. थंडीच्या सकाळी नुकत्याच चालू केलेल्या एंजिनाचीही हीच स्थिती असते. याशिवाय विद्राव न भरणे, हलक्या प्रतीचा विद्राव वापरणे व उत्प्रेरकाचे वार्धक्य यांमुळेही कार्यक्षमता घटते. जुन्या वाहनांत तर ही सोयच नसते. थंड अवस्थेत नायट्रोजन ऑक्साइडे तात्पुरती धरून ठेवून तापमान वाढल्यावर ती पुढील उत्प्रेरकाकडे सोडणारी, पॅलॅडियमयुक्त झिओलाइटासारखी पृष्ठशोषके विकसित करण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमोनियाच्या मार्गात अल्प प्रमाणात तयार होणारा नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढ करणारा प्रभावी वायू असल्याने तो टाळण्याकडेही लक्ष दिले जात आहे.

नायट्रोजन ऑक्साइडे व धातूंची ऑक्साइडे यांच्या संबंधाच्या या इतिहासात प्रत्येक टप्प्यावर पृष्ठावरील जागा कोणी व्यापली आहे हाच प्रश्न निर्णायक ठरला आहे. विंटर यांच्या प्रयोगांत ती ऑक्सिजनाने, बेरियमाच्या उत्प्रेरकात गंधकाने व पहिल्या परिवर्तकांत शिशाने अडविली. ती मोकळी राखण्यासाठी रसायनशास्त्राबरोबरच तेलशुद्धीकरण, कायदा, तपासणी व वाहनाची देखभाल यांची साथ लागली. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील हवेची स्थिती यापुढेही या सर्वांच्या एकत्रित कार्यावर अवलंबून राहील.